उताऱ्याची लांबी

महाविद्यालयाच्या दाराशी आलेल्या विद्यार्थ्याच्या इंग्रजी वाचनाची कसोटी घेऊनच त्याला आत घ्यावयाचे, हा शिरस्ता अमेरिकेत रूढ होऊन दीडशे वर्षे लोटली. परंतु त्या कसोटीत नेमके काय तपासावे, विद्यार्थ्याने आजवर कोणते ग्रंथ वाचले हे, की समोर ठेवलेला अपरिचित मजकूर त्याला कितपत उमगतो हे, याविषयीचा निर्णय एवढ्या काळात अनेकदा फिरला, आणि तो जसजसा फिरला तसतशी घराघरांतून चालणारी परीक्षेची तयारीही पालटत गेली.

१८७४ मध्ये हार्वर्डने असा नियम घातला, की प्रवेशेच्छू विद्यार्थ्याने नेमून दिलेल्या ग्रंथांच्या आधारे एक लहानसा निबंध लिहावा. शेक्सपिअरची ‘टेम्पेस्ट’, ‘ज्युलिअस सीझर’ व ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’ ही नाटके, गोल्डस्मिथची ‘व्हिकार ऑफ वेकफील्ड’ आणि स्कॉटची ‘आयव्हॅन्हो’ या कादंबऱ्या त्या यादीत होत्या. इतर महाविद्यालयांनीही हा प्रघात उचलला. पण प्रत्येकाची यादी स्वतंत्र असल्याने, एकाच वर्गातील चार मुले चार ठिकाणी जावयास निघाली म्हणजे शिक्षकाची त्रेधा उडे. हा घोळ निस्तरण्यासाठी १८९४ पासून एकसमान याद्या ठरविण्याचे प्रयत्न सुरू झाले, १९०० मध्ये कॉलेज एन्ट्रन्स एक्झामिनेशन बोर्ड ही संस्था स्थापन झाली, आणि १९०१ च्या जूनमध्ये तिच्या पहिल्या परीक्षेस ९७३ विद्यार्थी बसले.

त्या काळची तयारी कशी चाले, हे सविस्तर सांगण्याजोगे आहे. ग्रंथांचे दोन वर्ग असत: काही केवळ वाचावयाचे, काही सूक्ष्मपणे अभ्यासावयाचे. ‘सायलस मार्नर’ ही कादंबरी पहिल्या वर्गात, तर ‘मॅक्बेथ’, मिल्टनची लघुकाव्ये आणि अमेरिकन वसाहतींशी सलोखा करावा म्हणून एडमंड बर्कने मार्च १७७५ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटात केलेले प्रदीर्घ भाषण ही दुसऱ्या वर्गात मोडत. बर्कच्या भाषणाचा परिच्छेदवार गोषवारा काढावा, कोणता मुद्दा कोणत्या मुद्द्याच्या आधारावर उभा आहे हे समासात टिपावे, आणि प्रतिपक्षाच्या कोणत्या आक्षेपाला तो कोठे उत्तर देतो हे मुलांनी पुस्तक मिटून सांगावे, अशी ती शिकवणी असे. पंधरा सेंटांना मिळणाऱ्या ‘रिव्हरसाइड लिटरेचर सिरीज’च्या टीपांसह छापलेल्या पुस्तिकांनी हे ग्रंथ सामान्य मुलांच्याही हाती दिले. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांकडून एका वक्त्याचा संपूर्ण युक्तिवाद आरंभापासून अखेरपर्यंत मनात धरून ठेवण्याची अपेक्षा करणारी ती तयारी मला आजही आदरणीय वाटते.

तिची दुसरी बाजूही मान्य केली पाहिजे. अँडोव्हर आणि एक्झेटर येथील श्रीमंत निवासी शाळांचा सारा अभ्यासक्रम या याद्यांभोवतीच गुंफलेला असे. दूरच्या गावातील सरकारी शाळेत शिकणाऱ्या बुद्धिमान मुलाला महाविद्यालयात प्रवेशाची मुभा नावापुरतीच होती. शिवाय कथानकाची टिपणे पाठ करून मूळ ग्रंथास हातही न लावता निबंध लिहिणारे विद्यार्थीही निघालेच. (आपल्याकडे मुंबई विद्यापीठाची पहिली प्रवेश परीक्षा १८५९ मध्ये झाली, न्यायमूर्ती रानडे व रामकृष्णपंत भांडारकर तीतूनच पुढे आले, नेमलेल्या पुस्तकांच्या टिपणांचा हा व्याप त्या मॅट्रिकच्या परंपरेत वाढलेल्या वाचकास निराळा समजावून सांगावयास नको.)

पहिल्या महायुद्धाच्या सुमारास दुसरा विचार बळावला. कॅन्ससमधील फ्रेडरिक केली या शिक्षणज्ञाला एकाच उत्तरपत्रिकेस निरनिराळे परीक्षक निरनिराळे गुण देतात ही गोष्ट खटकली, आणि एकच उत्तर बरोबर ठरेल अशा प्रश्नांची मूकवाचनाची चाचणी त्याने तयार केली. १९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरल्यावर लक्षावधी सैनिकांवर अशाच धर्तीच्या बुद्धिमापन चाचण्यांचा प्रयोग झाला. त्या कामात सहभागी असलेले प्रिन्स्टनचे मानसशास्त्रज्ञ कार्ल ब्रिघम यांच्याकडे पुढे बोर्डाने नव्या परीक्षेची रचना सोपविली, आणि २३ जून १९२६ रोजी सुमारे आठ हजार विद्यार्थी पहिल्या ‘एस.ए.टी.’ला बसले. ९७ मिनिटांत ३१५ प्रश्न! तीत वाचनाचाही एक भाग होता: तीस ते सत्तर शब्दांचा परिच्छेद द्यावयाचा, आणि त्यातील अर्थ बिघडविणारा एकच शब्द विद्यार्थ्याने हुडकून काढावयाचा. बर्कच्या समग्र भाषणापासून या ओळींपर्यंतचे अंतर एका पिढीच्या आतच तोडले गेले.

ब्रिघम यांच्याविषयी एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाणे अन्यायाचे होईल. १९२३ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी सैनिकांच्या गुणांवरून वंशावंशांची उच्चनीचता ठरविली होती आणि त्या मताचा वापर परदेशी लोकांच्या आगमनावर निर्बंध घालू पाहणाऱ्यांनी केला; परंतु १९३० मध्ये, एखाद्या भाषेतील चाचणी ती भाषा आत्मसात करण्याची समान संधी लाभलेल्यांनाच लावता येते, असे सांगून त्यांनी आपले ते सिद्धांत जाहीरपणे मागे घेतले. वाचनपरीक्षेच्या सबंध इतिहासात इतके मोलाचे विधान मला दुसरे आढळलेले नाही, आणि ज्याच्या हातून ही परीक्षा घडली त्यानेच ते करावे, याने त्याचे वजन अधिकच वाढते.

जुन्या लेखी परीक्षांचा निकाल युद्धाने लावला. १९३८ मध्ये आय.बी.एम.चे उत्तरे तपासणारे यंत्र बाजारात आले होते. डिसेंबर १९४१ मध्ये अमेरिका पुन्हा युद्धात उतरताच लांबलचक निबंधपरीक्षांस सवड उरली नाही, आणि १९४२ पासून त्या बंद पडून मैदान एस.ए.टी.स मोकळे झाले. १९४६ मध्ये त्या त्रोटक परिच्छेदांच्या जागी १२० ते ५०० शब्दांचे उतारे व त्यांवरील आकलनाचे प्रश्न आले. त्याच वर्षी ब्रुकलिनमध्ये घरच्या घरी शिकवण्या घेणाऱ्या स्टॅनली कॅपलन यांच्याकडे एक मुलगी या परीक्षेच्या तयारीसाठी आली. कॅपलन हे नळकाम करणाऱ्याचे चिरंजीव. उत्तम गुण असूनही वैद्यकीय महाविद्यालयांनी त्यांना नाकारले होते, आणि आपण ज्यू असल्यामुळे व सरकारी महाविद्यालयात शिकल्यामुळे हे घडले अशी त्यांची धारणा होती. सर्वांना सारख्या मापाने मोजणारी परीक्षा त्यांना म्हणूनच न्यायाची वाटे, आणि तिची तयारी करविता येते यावर त्यांची निष्ठा होती. तयारीने गुण वाढत नाहीत असे बोर्ड वर्षानुवर्षे सांगत राहिले. १९७९ मध्ये संघराज्याच्या व्यापार आयोगाच्या चौकशीत मात्र शिकवणीने काही प्रमाणात गुण वाढू शकतात असे आढळून आले.

मधल्या दशकांत विरुद्धार्थी शब्द आणि शब्दांच्या जोड्या यांचा परीक्षेवर एवढा पगडा बसला, की तयारी म्हणजे शब्दयाद्या घोकणे असे समीकरणच होऊन गेले. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे अध्यक्ष रिचर्ड ॲटकिन्सन यांनी २००१ मधील भाषणात एका खाजगी शाळेत बारा वर्षांची मुले या शब्दजोड्यांचा सराव करताना पाहिल्याचे विषादाने सांगितले. विरुद्धार्थी शब्द १९९४ मध्येच गेले होते. शब्दजोड्या २००५ मध्ये गेल्या, आणि २०१६ मध्ये गाळलेल्या जागाही. त्याबरोबर उतारे वाढत गेले. २०१६ च्या परीक्षेत पाच सलग उतारे प्रत्येकी ५०० ते ७५० शब्दांचे असत. मुले पुन्हा निबंध, भाषणे, विज्ञानविषयक लेख वाचू लागतील अशी आशा धरण्यास तेव्हा आधार होता.

तो आधार अल्पकाळच टिकला. परीक्षा संगणकावर आली, आणि उतारा २५ ते १५० शब्दांचा झाला. एका उताऱ्यावर एकच प्रश्न. पुण्यामुंबईच्या विद्यार्थ्यांनी ही नवी परीक्षा मार्च २०२३ मध्ये, अमेरिकेतील मुलांच्या एक वर्ष आधी, दिली. यामुळे विषयांचे वैविध्य वाढते व उताऱ्यात अडखळलेल्या मुलाचे नुकसान एका प्रश्नापुरतेच होते, हे बोर्डाचे समर्थन मला पटते. पण लांब युक्तिवादाचा पाठपुरावा करण्याचा सराव यात कोठेच घडत नाही, याचे दुःख त्याने कमी होत नाही. वाचन व लेखनाच्या पहिल्या भागात ३२ मिनिटांत २७ प्रश्न असतात, आणि त्यांतील कामगिरीवरून दुसऱ्या भागाची काठिण्यपातळी ठरते. म्हणून प्रश्न आधी वाचून मग उताऱ्याकडे वळावे, असेच आता शिकवणीत अनेक मुलांच्या अंगी बाणविले जाते.