नाथ पै यांचे संसदीय कार्य

बॅरिस्टर नाथ पै (२५ सप्टेंबर, १९२२ – १८ जानेवारी, १९७१) हे भारतीय समाजवादी नेते, स्वातंत्र्यसैनिक आणि संसदपटू होते. १९५७, १९६२ आणि १९६७ अशा सलग तीन सार्वत्रिक निवडणुकांत ते तत्कालीन रत्नागिरी जिल्ह्यातील राजापूर मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले. गोव्याची मुक्ती, महाराष्ट्र–म्हैसूर सीमाप्रश्न, संरक्षण व परराष्ट्र धोरण आणि कोकणाचा विकास या विषयांवर त्यांनी लोकसभेत सातत्याने भूमिका मांडली. १९६७ साली त्यांनी मांडलेले घटनादुरुस्तीचे खासगी विधेयक ‘नाथ पै विधेयक’ या नावाने ओळखले जाते. ते संमत झाले नाही. मात्र मूलभूत हक्कांमध्ये दुरुस्ती करण्याचा अधिकार संसदेला आहे की नाही, या प्रश्नावरील भारतातील घटनात्मक वादाचा तो एक महत्त्वाचा टप्पा मानला जातो.

पार्श्वभूमी

नाथ पै यांचा जन्म वेंगुर्ले येथे झाला. त्यांचे शालेय शिक्षण बेळगाव येथे झाले. विद्यार्थिदशेतच ते राष्ट्रीय चळवळीकडे ओढले गेले. १९४२ च्या ‘भारत छोडो’ आंदोलनात भाग घेतल्याबद्दल त्यांना कारावास भोगावा लागला. साने गुरुजी आणि राष्ट्र सेवा दल यांचा त्यांच्या विचारांवर प्रभाव होता. पुढे लंडन येथे कायद्याचे शिक्षण घेऊन ते बॅरिस्टर झाले. युरोपातील वास्तव्यात त्यांचा तेथील लोकशाही समाजवादी चळवळीशी निकटचा संबंध आला. १९५४ ते १९६० या काळात ते समाजवादी युवकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे अध्यक्ष होते.

भारतात परतल्यावर त्यांनी प्रजा समाजवादी पक्षाचे काम केले. १९५७ ची निवडणूक संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनाच्या वातावरणात झाली. या निवडणुकीत ते प्रथम लोकसभेवर गेले. त्या वेळी आजचे रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोन्ही जिल्हे मिळून एकच रत्नागिरी जिल्हा होता. सिंधुदुर्ग हा स्वतंत्र जिल्हा १ मे, १९८१ रोजी अस्तित्वात आला. २००९ च्या निवडणुकीपासून राजापूर या लोकसभा मतदारसंघाची जागा रत्नागिरी–सिंधुदुर्ग मतदारसंघाने घेतली आहे.

राष्ट्रीय प्रश्नांवरील भूमिका

गोव्याची मुक्ती: नाथ पै यांचा मतदारसंघ गोव्याच्या सीमेलगत होता. पोर्तुगीज राजवटीविरुद्धच्या लढ्याचे पडसाद सावंतवाडी, वेंगुर्ले या भागात प्रत्यक्ष उमटत असत. गोव्याचा प्रश्न लांबणीवर टाकू नये, असा आग्रह त्यांनी लोकसभेत धरला. डिसेंबर १९६१ मधील लष्करी कारवाईनंतर गोवा मुक्त झाला.

संरक्षण आणि परराष्ट्र धोरण: प्रजा समाजवादी पक्षाने तिबेट आणि चीनविषयक सरकारी धोरणावर प्रारंभापासून टीका केली होती. नाथ पै यांनीही उत्तर सीमेवरील संरक्षणाच्या तयारीविषयी सभागृहात प्रश्न उपस्थित केले. सरकारवर टीका करतानाच, परकीय आक्रमणाच्या प्रसंगी राष्ट्राच्या ऐक्याला बाधा येऊ नये, अशी त्यांची भूमिका होती.

सीमाप्रश्न: १ नोव्हेंबर, १९५६ रोजी झालेल्या राज्य पुनर्रचनेत बेळगाव तत्कालीन म्हैसूर राज्यात गेले. मराठी भाषकांची वस्ती असलेला सीमाभाग महाराष्ट्रात यावा, ही मागणी नाथ पै यांनी लोकसभेत आणि लोकसभेबाहेर मांडली. या प्रश्नासाठी केंद्र सरकारने १९६६ मध्ये माजी सरन्यायाधीश मेहरचंद महाजन यांचा एकसदस्य आयोग नेमला. आयोगाने १९६७ मध्ये दिलेल्या अहवालात बेळगाव शहर म्हैसूर राज्यातच ठेवण्याची शिफारस केली. महाराष्ट्राने हा अहवाल अमान्य केला. भाषिक राज्याची मागणी ही राष्ट्रीय एकात्मतेच्या विरोधी नसून लोकेच्छेचा आदर करण्याचा प्रश्न आहे, या विचाराचे नाथ पै समर्थक होते.

कोकणाचे प्रश्न: मुंबई ते कोकण असा लोहमार्ग व्हावा, ही मागणी त्यांनी सातत्याने लावून धरली. त्यांच्यानंतर १९७१ पासून राजापूरचे प्रतिनिधित्व करणारे मधु दंडवते यांनी हाच पाठपुरावा पुढे चालवला. कोकण रेल्वे महामंडळाची स्थापना १९९० मध्ये झाली आणि जानेवारी १९९८ मध्ये संपूर्ण मार्ग वाहतुकीस खुला झाला. नाथ पै यांच्या निधनानंतर तोपर्यंत सत्तावीस वर्षे लोटली होती.

नाथ पै विधेयक

गोलकनाथ निकाल: पंजाबमधील जमीनधारणेच्या मर्यादेविरुद्ध गोलकनाथ कुटुंबाने दाखल केलेल्या याचिकेवर २७ फेब्रुवारी, १९६७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. राज्यघटनेच्या अनुच्छेद १३ नुसार मूलभूत हक्कांचा संकोच करणारा कायदा राज्यसंस्थेला करता येत नाही. घटनादुरुस्ती हाही या अर्थाने ‘कायदा’च होय का, हा कळीचा मुद्दा होता. १९५१ मध्ये शंकरी प्रसाद आणि १९६४ मध्ये सज्जन सिंग या खटल्यांत न्यायालयाने ‘नाही’ असे उत्तर दिले होते. गोलकनाथ खटल्यात मात्र अकरा न्यायाधीशांच्या पीठाने सहा विरुद्ध पाच अशा बहुमताने ‘होय’ असा निर्णय दिला. परिणामी यापुढे मूलभूत हक्कांना बाध आणणारी घटनादुरुस्ती संसदेला करता येणार नाही, असे ठरले. पूर्वीच्या दुरुस्त्या मात्र कायम राहिल्या.

या वादाला जमीन सुधारणांची पार्श्वभूमी होती. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेला नववी अनुसूची जोडण्यात आली आणि तीमध्ये प्रारंभी तेरा कायद्यांना संरक्षण देण्यात आले. रत्नागिरी जिल्ह्यातील कुळांच्या दृष्टीने महत्त्वाचा असलेला मुंबई राज्याचा खोती निर्मूलन कायदा आणि १९४८ चा कूळकायदा हे दोन्ही त्या तेरांमध्ये होते. मालमत्तेच्या मूलभूत हक्काच्या आधारे असे कायदे रद्द होऊ नयेत, हा त्या दुरुस्तीचा हेतू होता.

विधेयकाचा आशय: निकालानंतर सहा आठवड्यांच्या आत, ७ एप्रिल, १९६७ रोजी नाथ पै यांनी लोकसभेत विधेयक मांडले. मूलभूत हक्कांसह राज्यघटनेतील कोणत्याही तरतुदीत दुरुस्ती करण्याचा अधिकार संसदेला आहे, हे अनुच्छेद ३६८ मध्ये स्पष्ट करावे, असा त्याचा आशय होता. सार्वभौमत्व जनतेकडे असून संसद हे तिच्या इच्छेचे साधन आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. एका पिढीने तयार केलेली घटना पुढील पिढ्यांना बदलताच आली नाही, तर शांततामय परिवर्तनाचा मार्ग बंद होईल, असे या विधेयकाच्या समर्थकांचे म्हणणे होते. मूलभूत हक्क नष्ट करणे हा आपला हेतू नाही, अशी नाथ पै यांची भूमिका होती.

विरोध: स्वतंत्र पक्षासह अनेकांनी विधेयकास विरोध केला. मूलभूत हक्क हे नागरिकाला बहुमतापासूनच संरक्षण देण्यासाठी असतात. ते बहुमताच्या हाती सोपवले तर हक्क आणि सवलत यांत फरक उरणार नाही, असा विरोधकांचा युक्तिवाद होता. समाजवादी परिवारातही या विधेयकाविषयी एकमत नव्हते.

विधेयकाचा प्रवास: सरकारने विधेयकाच्या उद्देशाला अनुकूलता दर्शवली. ते दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे पाठवण्यात आले आणि समितीच्या अहवालानंतर पुन्हा लोकसभेत चर्चेला आले. परंतु त्यावर अंतिम निर्णय झाला नाही. घटनादुरुस्तीसाठी सभागृहाच्या एकूण सदस्यांचे बहुमत आणि उपस्थित राहून मतदान करणाऱ्यांचे दोन-तृतीयांश बहुमत आवश्यक असते. १९६७ च्या निवडणुकीत काँग्रेसला ५२० पैकी २८३ जागा मिळाल्या होत्या, तर प्रजा समाजवादी पक्षाचे १३ सदस्य होते. अन्य पक्षांच्या संमतीशिवाय कोणतीही घटनादुरुस्ती तेव्हा शक्य नव्हती. २७ डिसेंबर, १९७० रोजी लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक व्यपगत झाले.

निधन

१७ जानेवारी हा दिवस सीमाभागात १९५६ च्या गोळीबारातील हुतात्म्यांच्या स्मरणार्थ हुतात्मा दिन म्हणून पाळला जातो. १९७१ साली त्या दिवशी बेळगाव येथील सभेत नाथ पै यांनी भाषण केले. त्यानंतर १८ जानेवारी रोजी बेळगाव येथेच त्यांचे निधन झाले. त्या वेळी ते ४८ वर्षांचे होते.

उत्तरकाल

मार्च १९७१ च्या निवडणुकीत काँग्रेसला ५१८ पैकी ३५२ जागा मिळाल्या. त्याच वर्षी चोविसावी घटनादुरुस्ती संमत झाली; ५ नोव्हेंबर, १९७१ रोजी तिला राष्ट्रपतींची मान्यता मिळाली. राज्यघटनेच्या कोणत्याही तरतुदीत दुरुस्ती करण्याचा संसदेचा अधिकार तिने स्पष्ट केला. नाथ पै विधेयकाचे मुख्य उद्दिष्ट अशा प्रकारे साध्य झाले. मात्र परिस्थिती बदललेली होती. १९६७ मध्ये असा अधिकार वापरण्यासाठी अनेक पक्षांची सहमती लागली असती. १९७१ मध्ये लोकसभेत एकाच पक्षाकडे दोन-तृतीयांश सदस्य होते.

२४ एप्रिल, १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायाधीशांच्या पीठाने गोलकनाथ निकाल रद्द ठरवला आणि चोविसावी दुरुस्ती वैध मानली. त्याच वेळी सात विरुद्ध सहा अशा बहुमताने, संसदेला घटनेची मूलभूत चौकट बदलता येणार नाही, असा सिद्धांत मांडला. मूलभूत हक्कांत दुरुस्ती करता येते हे नाथ पै यांचे म्हणणे त्यामुळे मान्य झाले, तर दुरुस्तीच्या अधिकाराला मर्यादा असावी हे त्यांच्या विरोधकांचे म्हणणेही अंशतः टिकून राहिले.

१९७५ ते १९७७ या आणीबाणीच्या काळात या वादाला वेगळे गांभीर्य प्राप्त झाले. राजापूरचे तत्कालीन खासदार मधु दंडवते यांनाही स्थानबद्ध करण्यात आले होते. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने घटनादुरुस्त्यांना न्यायालयीन पुनर्विलोकनापासून मुक्त करण्याचा प्रयत्न केला. ती तरतूद सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये मिनर्व्हा मिल्स खटल्यात रद्द केली. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने जीविताचे व व्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही, अशी तरतूद केली. याच दुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून वगळला.

मूल्यमापन

भारतीय संसदेत आजवर केवळ १४ खासगी विधेयकांचे कायद्यात रूपांतर झाले असून त्यांपैकी शेवटचे १९७० मधील आहे. त्यामुळे नाथ पै यांच्या विधेयकाचे महत्त्व त्याच्या संमतीत नसून त्याने घडवून आणलेल्या चर्चेत आहे. अल्पसंख्य विरोधी पक्षाच्या सदस्याने सरकारच्या आधी पुढाकार घेऊन संसद आणि न्यायसंस्था यांच्या संबंधांचा प्रश्न सभागृहापुढे आणला, हे त्याचे वैशिष्ट्य मानले जाते. लोकप्रतिनिधींच्या विवेकावर त्यांनी टाकलेला विश्वास आणीबाणीच्या अनुभवाने कसोटीला लागला. मूलभूत चौकटीच्या सिद्धांताचा अभ्यास करताना हे विधेयक आजही विचारात घेतले जाते.

स्मृती

मालवण येथील बॅ. नाथ पै सेवांगण ही सामाजिक संस्था त्यांच्या नावाने कार्यरत आहे. बेळगावच्या शहापूर भागातील एका चौकास नाथ पै चौक असे नाव देण्यात आले आहे.