जुना आजार परतला, की गोळी सुटल्याचा त्रास?

चिंतेवरची लिब्रियम १९६० साली अमेरिकेत बाजारात आली. बेन्झोडायझेपिन गटातली ही पहिली गोळी. आज अनेकांच्या घरात असलेली अल्प्राझोलाम याच गटातली. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियातले डॉक्टर लिओ हॉलिस्टर यांनी एक प्रयोग छापला. ३६ रुग्णांना काही महिने मोठ्या डोसमध्ये लिब्रियम दिली आणि त्यातल्या ११ जणांना न सांगता एकदम बिनऔषधाची गोळी सुरू केली. १० जणांना त्रास झाला, दोघांना फिट आली. (आजची कुठलीही एथिक्स कमिटी हे मंजूर करणार नाही.)

म्हणजे धोक्याची घंटा लगेचच वाजली होती. पण डोसच अवाढव्य होता, असं म्हणून ती बाजूला ठेवली गेली. १९६३मध्ये व्हॅलियम आली आणि तिचा खप प्रचंड वाढला. गोळी बंद केल्यावर कुणी तक्रार केली, की उत्तर ठरलेलं : मूळ चिंता परत आली, गोळी पुन्हा सुरू करा. आमच्या ऑफिसच्या भाषेत, नवा एरर जुन्याच बगच्या नावावर टाकून तिकीट क्लोज.

हे तिकीट पुन्हा उघडलं इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या प्रोफेसर हेदर अ‍ॅश्टन यांनी. १९८२ ते १९९४ त्यांनी फक्त या गोळ्या सोडणाऱ्यांसाठी क्लिनिक चालवलं आणि मुख्य म्हणजे रुग्णांचं ऐकून घेतलं. कानात आवाज, हातापायांना मुंग्या, आखडलेले स्नायू, उजेड सहन न होणं. गोळी सुरू करण्याआधी यातलं बरंच काही त्यांना नव्हतंच. मग जुना आजार परतला कसा म्हणायचा?

माझी गोळी बंद होऊन चार महिने झाले, कानातली बारीक शिट्टी अजून आहे. म्हणून हा प्रश्न मला इतिहासातला वाटत नाही.

गॅबा हे मेंदूला शांत करणारं रसायन. गोळी त्याचा जोर वाढवते, मेंदू त्या मदतीला सरावतो आणि स्वतःचे ब्रेक ढिले सोडतो. मदत गेल्यावर ते पुन्हा लागायला वेळ लागतो. म्हणून अ‍ॅश्टन रुग्णाला बहुधा शरीरात जास्त काळ टिकणाऱ्या डायझेपामवर आणून डोस थोडाथोडा, कित्येक महिने घेत कमी करत. एकदम बंद कधीच नाही. नंतरचा त्रास लाटांसारखा येतो, मधले बरे दिवस हळूहळू वाढतात, हेही त्यांनी नोंदवलं. त्यांची पुस्तिका १९९९मध्ये आली.

अमेरिकेच्या एफडीएने या गोळ्यांवरची ठळक चौकटीतली सूचना बदलायला सांगितली ती सप्टेंबर २०२०मध्ये. सवय लागते, एकदम थांबवणं जिवावर बेतू शकतं आणि काहींचा त्रास वर्षाहून जास्त टिकतो, हे तेव्हा माहितीपत्रकात आलं. अ‍ॅश्टन आदल्याच वर्षी वारल्या होत्या.