गळाची काठी : वेळूपासून कार्बनपर्यंत



जोगेश्वरीहून विक्रोळीकडे जाणारा जोडरस्ता धरून आपण पूर्वेकडे निघालों, म्हणजे आरेची झाडी मागें पडते आणि थोड्याच वेळांत पवईच्या तलावाचें पाणी दिसूं लागतें. मुंबई शहरास पाणी पुरविण्याकरितां १८९१ सालीं हा तलाव बांधण्यांत आला. परंतु त्याचें पाणी पिण्यास चांगलें नाहीं असें ठरल्यामुळें नळांच्या इतिहासांत त्याचें नांव मोठें झालें नाहीं. तें झालें गळ टाकणाऱ्या मंडळींत. महाराष्ट्र स्टेट अँग्लिंग असोसिएशन ही संस्था तेथील गळाच्या मासेमारीची व्यवस्था दीर्घकाळ पाहत आलेली आहे. आणि कटला, रोहू, मरळ यांच्या आशेनें कांठावर तासन् तास बसणारे लोक आमच्या जोगेश्वरींतही आहेत.

अशांपैकींच एका तरुण शेजाऱ्यानें मध्यंतरीं मला विचारलें, "अण्णा, तीन वर्षें पहिल्या काठीवर फ्लाय टाकावयास शिकलों. आतां याहून बरी काठी घ्यावी म्हणतों, पण खिसा बेताचा आहे. कोणती घेऊं?" फ्लाय म्हणजे पिसें व दोरा यांची बनविलेली कृत्रिम माशी, हें ज्यांस ठाऊक नसेल त्यांच्यासाठीं सांगतों. प्रश्न दुकानांतला होता. पण त्याचें उत्तर देतांना मला इतिहासांत बरेंच मागें जावें लागलें.

गळ टाकण्याची विद्या विलायतेहून आली, अशी आपल्याकडे पुष्कळांची समजूत आहे. ती खरी नव्हे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांत 'मानसोल्लास' नांवाचा संस्कृत ग्रंथ रचला. राजानें कोणकोणते विनोद करावे हें सांगतांना त्यानें मत्स्यविनोदासही जागा दिली आहे. माशांच्या जाति, कोणत्या माशास कोणतें खाद्य रुचतें, ठरल्या जागीं आधीं चारा टाकून मासे तेथें कसे लळवावे, दोरी कशी असावी, गळास लागलेला मासा कसा थकवावा, हें सारें तेथें आहे. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनीं १९५१ सालीं या प्रकरणाकडे विद्वानांचें लक्ष वेधलें. इंग्रजी भाषेंतील या विषयावरील पहिला छापील निबंध १४९६ सालचा, म्हणजे सोमेश्वरानंतर साडेतीनशें वर्षांहून अधिक काळानें झालेला!

त्या इंग्रजी निबंधांतील काठी मोठी मौजेची आहे. खालचा दांडा पोकळ करावयाचा आणि वरचा भाग त्याच्या पोटांत दडवावयाचा, म्हणजे वाटेनें जाणाऱ्यास ती नुसती हातकाठी भासावी. मासे धरावयास निघालों आहों हें शेजाऱ्यांस कळूं नये, ही चिंता तेव्हांही होती असें दिसतें!

आतां फ्लायच्या काठीचा विशेष लक्षांत घ्यावयास हवा. आमिषाच्या गळास शिशाचें वजन असतें आणि तें वजनच दोरीला ओढून नेतें. माशीला वजन कोठलें? येथें दोरीच जड असते. काठी तिच्या भारानें वांकते, आणि सरळ होतांना तिला पुढें फेंकते. म्हणून ही काठी धनुष्याची सख्खी बहीण होय. काठीचें सारें मोल ती किती वांकते, कोठून वांकते आणि केवढ्या त्वरेनें सरळ होते यांत आहे.

या गुणासाठीं माणसानें नाना प्रकारचीं लांकडें वापरून पाहिलीं. शेवटीं विजय मिळाला तो बांबूला. १८४० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील पेनसिल्व्हेनिया प्रांतीं सॅम्युएल फिलिप नांवाचा एक बंदुका व व्हायोलिनें करणारा कारागीर होता. त्यानें बांबू उभा चिरून, त्याच्या पट्ट्या तासून व सरसानें जोडून काठी केली. पुढें हायरम लेनर्ड यानें सहा पट्ट्यांची काठी नांवारूपास आणली. हा बांबू कोठला? तो कलकत्त्याच्या बंदरांतून जाई व त्यास 'कलकत्ता केन' म्हणत. आपल्याकडे ज्यास मानवेल म्हणतात, ज्याच्या लाठ्या व भाल्यांचे दांडे होत, त्याच भरीव जातीचा तो बहुधा असावा. आपलें वेळू परदेशीं जावें, तेथें चिरलें जावें, आणि त्याची काठी होतांच ती सामान्य माणसाच्या ऐपतीबाहेर जावी, हा प्रकार कापसाच्या बाबतींत आपण पाहिलेलाच आहे.

पुढें चीनमधील टोंकिन बांबूनें कलकत्त्यास मागें सारलें. १९५० च्या अखेरीस अमेरिकेनें चिनी मालावर बंदी घातली, आणि तोंच कांचतंतूंची काठी पुढें येत होती. तिच्यामागून १९७३ सालीं कार्बनतंतूंची काठी बाजारांत आली. प्रत्येक नवें द्रव्य प्रथम श्रीमंतांचें आणि कांहीं वर्षांनीं सर्वांचें, असा हा क्रम आहे. आज साधारण किंमतीच्या काठींतही जो कार्बन मिळतो, तो पन्नास वर्षांपूर्वीं नवलाईचा होता. तेव्हां नुसत्या 'कार्बन' या शब्दासाठीं कोणीं अधिक पैसे मोजूं नयेत.

हें शहाणपण मला उशिरा आलें. मीं स्वतः दुसरी काठी घेतली तेव्हां दुकानांतील सर्वांत ताठ आणि माझ्या खिशास सर्वांत महाग अशी निवडली. दुकानांत ती हवेंत हलवून पाहिली, तलवारीसारखी सळसळली! पाण्यावर मात्र ती माझ्या हातांत वांकेचना. फार ताठ काठीस हाताची वेळ अचूक साधावी लागते. ती साधलेल्या माणसास ती दूर नेते आणि न साधलेल्यास दमविते. मध्यम तयारीच्या माणसानें मध्यम वांकाचीच, फार तर किंचित् ताठ काठी घ्यावी, असें माझें स्पष्ट मत आहे.

दुसरी गोष्ट दोरीची. पूर्वीं रेशमी दोऱ्यांची जाडी अक्षरांनीं दाखवीत. कृत्रिम द्रव्याच्या दोऱ्या आल्यावर ती खूण निरुपयोगी झाली, कारण सारख्या जाडीच्या दोऱ्यांचें वजन निरनिराळें भरूं लागलें. म्हणून १९६१ सालीं अमेरिकन कारखानदारांनीं दोरीच्या पहिल्या तीस फुटांच्या वजनावरून क्रमांक ठरविले. पांच क्रमांक म्हणजे १४० ग्रेन, आठ म्हणजे २१० ग्रेन. आपला जुना तोळा १८० ग्रेनांचा. म्हणजे सात क्रमांकाची दोरी, जी १८५ ग्रेन भरते, ती जवळजवळ एक तोळ्याची झाली. काठीवर हाच क्रमांक छापलेला असतो. मरळ व लहानसहान माशांस सहा-सात क्रमांक पुरेसा. वाहत्या पाण्यांतील महाशीर मनांत असेल तर आठ. महाशीर हा तर आमच्या घरचाच मासा. दक्षिणेंतील महाशीराचें शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स यानें १८३९ सालीं पुण्याजवळच्या मुळा-मुठेंतल्या माशावरून केलें, आणि आज टाटांच्या लोणावळ्याजवळील वळवणच्या केंद्रांत त्याचीं पिल्लें वाढवितात. तो गळास लागलाच तर हलकेच परत सोडावा, हें वेगळें सांगावयास नको.

मी शेजाऱ्यास म्हटलें, "बाबा, नऊ फुटांची, चार तुकड्यांची काठी पाहा, म्हणजे लोकलच्या गर्दींत नेतां येईल. पैशाचा एक वांटा चांगल्या दोरीसाठीं राखून ठेव. कड्या बोटानें चांचपून पाहा. खडबडीत कडी दोरी कापते. आणि दुकानांत हलवून ठरवूं नकोस. तुझी दोरी लावून, तीस फूट बाहेर सोडून, मोकळ्या मैदानांत फेंकून पाहा." आणखी एक सांगितलें : कार्बनांतून वीज वाहते. पावसाळ्यांत विजा चमकूं लागतांच काठी खालीं ठेवावी, आणि डोक्यावरच्या तारांखालीं तर ती उभारूंच नये.

गेल्या रविवारीं तो दोन काठ्या मागून घेऊन आला. आम्ही दोघे सकाळीं मैदानावर गेलों. महाग काठीनें त्याची दोरी चार वेळां मागें गुंतली. दुसरीनें ती पहिल्याच खेपेस सरळ गवतावर पडली. त्यानें दुसरी ठेवून घेतली, आणि उरलेल्या पैशांत सात क्रमांकाची नवी दोरी आणली.