होर्न : एका डच बंदराची कहाणी

जुनीं शहरें नेहमींच श्रीमंतीमुळें टिकतात असें नाहीं. कित्येकदां तीं दैन्यामुळेंच टिकतात. हॉलंडच्या उत्तर भागांतील होर्न हें गांव याचें उत्तम उदाहरण होय.

सतराव्या शतकांत या बंदराची भरभराट विलक्षण होती. १६०२ सालीं स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीच्या सहा शाखांपैकीं एक येथें होती. आपल्या वेंगुर्ल्यास जिची वखार होती, तीच ही कंपनी. १६१६ सालीं येथील व्यापाऱ्यांनीं धाडलेल्या जहाजानें दक्षिण अमेरिकेच्या टोंकास वळसा घातला. त्या भूशिराला खलाशांनीं आपल्या गांवाचें नांव दिलें. तेंच पुढें केप हॉर्न म्हणून जगप्रसिद्ध झालें.

अठराव्या शतकांत हें वैभव ओसरलें. १७९९ सालाच्या अखेरीस कंपनीच विसर्जित झाली. १९३२ सालीं उपसागराच्या तोंडाशीं मोठा बांध पडला आणि होर्नपुढील खाऱ्या पाण्याचें गोडें सरोवर बनलें. परंतु पडत्या काळांत नवीं घरें उठविण्यास पैसा नव्हता, म्हणून पुष्कळशीं जुनीं तशींच उभीं राहिलीं. आज तेथें जाणाऱ्या प्रवाशास धक्क्यावर १५३२ मधील बुरूज दिसतो. भर चौकांत १६०९ सालचें वजनघर आहे. लोणी व चीज तेथें तोललें जाई. समोर १६३२ मध्यें उभारलेल्या, राजचिन्हांनीं नटलेल्या इमारतींत संग्रहालय आहे.

त्याच चौकांत १८९३ सालीं एक पुतळा बसविण्यांत आला. तो यान पीटरसून कून याचा. १५८७ सालीं होर्न येथें जन्मलेल्या या पुरुषानें १६१९ मध्यें जावा बेटावर बटाव्हिया शहर वसविलें. तेंच आजचें जकार्ता. दोन वर्षांनीं जायफळ आणि जायपत्री यांचा मक्ता मिळविण्याकरितां त्यानें बांदा बेटांवर आरमार नेलें. तेथील चव्वेचाळीस प्रमुखांचा शिरच्छेद झाला. हजारों रहिवासी मारले गेले, उपाशी मेले किंवा परागंदा झाले. कित्येकांना गुलाम करून बटाव्हियास नेण्यांत आलें. ओस पडलेल्या भूमीवर गुलामांच्या श्रमानें जायफळाच्या बागा चालूं झाल्या.

होर्नच्या सुबक घरांमागें व्यापाराचें कौशल्य होतें, तसा हा रक्तपातही होता. गांवानें विटा आणि तुळया जपल्या. बांदाची आठवण मात्र त्या चौकांत दीर्घकाळ उमटली नव्हती. अखेरीस नागरिकांच्या आग्रहावरून पुतळ्यापाशीं नवा लेख बसविण्यांत आला. कूनच्या हिंसक व्यापारनीतीस असा सन्मान शोभत नाहीं, हें त्याच्या टीकाकारांचें म्हणणेंही त्यांत नमूद आहे.

पुतळा अद्याप जागेवर आहे. पण त्याच्याकडे मान वर करून पाहणारा प्रवासी आतां खालचा लेखही वाचूं शकतो. आणि गांवाचें खरें जतन या दोहोंच्या एकत्र असण्यांतच आहे.