सुरतेचे फादर अँब्रोज : प्रीती आणि धर्मसिद्धान्त

जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सुरत लुटली, तेव्हा कापुचिन धर्मगुरू फादर अँब्रोज यांचे निवासस्थान सुरक्षित राहिले. पाद्री सज्जन आहेत, त्यांना उपद्रव देऊ नये, अशी महाराजांची आज्ञा होती, असे फ्रेंच प्रवासी बर्निये आपल्या प्रवासवृत्तात नमूद करतो. डचांच्या एका दिवंगत हिंदू दलालाचे घरही तो दानशूर होता म्हणून वाचले, असे तो सांगतो.

फादरांचा विश्वासांगीकार कोणी तपासला नव्हता. महाराजांपर्यंत पोहोचली ती त्यांच्या सदाचरणाची कीर्ती. शिवाय परोपकार ही केवळ ख्रिस्ती जनांची मिरास नव्हे, हेही त्या दलालाच्या उदाहरणाने स्पष्ट होते. मग सिद्धान्ताचे प्रयोजन काय? आपल्या प्रीतीचा उगम ख्रिस्तामध्ये आहे, ही साक्ष सिद्धान्त देतो. मात्र ती साक्ष जगाला पटावयाची, तर आधी प्रीती दिसली पाहिजे. धर्मशिक्षकांनी हा क्रम विसरू नये.