वाकणं आणि फुटणं

सुरतेहून धुळ्याच्या वाटेवर बारडोली लागते. १९२८च्या सत्याग्रहाचं हे गाव आता साखर कारखान्याचंही आहे, आणि हंगामात खानदेशातल्या ऊसतोडीच्या टोळ्या तिथे उतरतात. वाऱ्याने झुकलेल्या उसाला बारडोलीचा शेतकरी ‘वांकुं’ म्हणेल, तोडणारा ‘वाकडा’. शब्द एकाच घरचे. संस्कृत ‘वक्र’, प्राकृत ‘वंक’, आणि तिथून ही पांगापांग. १९६२च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले, त्याआधी आपणही ‘वांकडा’ असंच छापत होतो. गुजरातीने तो नाकातला सूर अजून सोडलेला नाही.

अर्थांच्या वाटा मात्र फुटल्या. गुजरातीत ‘वांक’ म्हणजे थेट अपराध. आपल्याकडे दोघांत ‘वाकडं’ आलं की बोलणं बंद. हिंदीने त्याच शब्दाचा ऐटबाज ‘बांका’ केला, हे तिचं खरंच कौतुक.

हे आठवलं ते ॲक्टिनमुळे. पेशीला आकार आणि हालचाल देणारं हे प्रथिन. हंगेरीतल्या सेगेद इथे श्ट्राउब यांनी १९४२ साली ते वेगळं केलं. मायोसिन या दुसऱ्या प्रथिनाला ‘ॲक्टिव्ह’ करतं, म्हणून नाव ॲक्टिन. त्याचा तंतू जेमतेम ७ नॅनोमीटर जाड. ‘आर्प २/३’ नावाचा प्रथिनसमूह त्याच्या अंगाला चिकटतो आणि तिथून सुमारे ७० अंशांच्या कोनात नवा तंतू निघतो. अशांचं जाळं विणलं जातं आणि सरपटणाऱ्या पेशीची कड पुढे ढकलली जाते.

या नव्या तंतूला मराठीत काय म्हणावं? ‘फाटा’ चटकन सुचतो, पण त्यात फाटणं आहे. इथे मूळ तंतू फाटत नाही. तो अखंड राहतो आणि त्याच्या कुशीतून दुसरा निघतो. ‘फुटवा’ बरा, तरी तो बुडातून येतो. नेमका शब्द उसाच्या फडातच पडून आहे: ‘पांगशा’. ऊस लोळला की कांडीवरच्या डोळ्यांतून बाजूला कोंब येतात, त्या पांगशा. फरक इतकाच, की उसाचा डोळा आधीपासून ठरलेला असतो. ॲक्टिनला असे डोळे नसतात.

मग पांगशी कुठे फुटायची, हे कोण ठरवतं? बर्कलीच्या विवियाना रिस्का, डॅनियल फ्लेचर आणि सहकाऱ्यांनी तंतू वाकलेल्या स्थितीत काचेवर धरून ठेवले. २०१२ साली त्यांनी दाखवलं, की नव्या शाखा बाकाच्या बाहेरच्या, फुगीर अंगाला अधिक येतात. तंतू थरथरतो, बाहेरच्या अंगाची ठेवण क्षणभर बदलते आणि आर्पला तिथे पकड मिळते, असा त्यांचा खुलासा. म्हणजे जाळ्यावर दाब आला, तंतू वाकले, की त्या दाबाच्या प्रतिसादात जाळं आणखी बळकट होऊ शकतं.

त्या फुगीर अंगाला पाठ्यपुस्तकी ‘बहिर्गोल’ चालणार नाही; आरसा गोल असेल, तंतू कसला गोल? ‘बहिर्वक्र’ म्हणावं. आणि वाकलेल्या तंतूला ‘वाकडा’ म्हणू नये. त्याला ‘बाक आला’ एवढंच पुरे. बाकात अपराध नाही.