मंगोलांचा अंगरखा आणि आशियाचा पेहराव

आपल्या उत्सवात मुलांच्या वेशभूषा स्पर्धेत दोन-चार शिवाजी महाराज, एखादी झाशीची राणी आणि एक तरी मोगल सरदार असतोच. मागे एकदा अशाच एका छोट्या सरदाराला सजवताना त्याच्या आईने मला विचारले, "भाऊजी, या झग्याचे बंद डावीकडे बांधायचे की उजवीकडे?" मला सांगता आले नाही. मी पडलो डिप्लोमावाला इंजिनिअर, रूळ आणि पूल यांच्यात आयुष्य गेलेले. पण प्रश्न डोक्यात राहिला, आणि उत्तर शोधता शोधता मी थेट मंगोलियाच्या माळरानावर जाऊन पोहोचलो.

मंगोलांच्या पारंपरिक अंगरख्याला 'देल' म्हणतात. हा गुडघ्याखाली जाणारा सैल झगा. त्याची डावी बाजू छातीवरून उजवीकडे नेऊन खांद्याजवळ आणि काखेखाली बटणांनी अडकवतात. कमरेला काही मीटर लांबीचा रेशमी पट्टा गुंडाळतात. आम्हा रेल्वेवाल्यांना कोणतीही वस्तू पाहिली की ती कोणत्या कामासाठी बनवली, हा प्रश्न आधी पडतो. देलचे काम होते घोड्यावरचे आणि थंडीतले. तिकडे हिवाळ्यात पारा उणे तीसच्याही खाली जातो. छातीवर दुहेरी कापड आल्याने वारा आत शिरत नाही. बाह्या इतक्या लांब की लगाम धरलेले हात झाकले जातात. घेर मोठा असल्याने मांड घालता येते. पट्ट्याने कंबर आवळली जाते आणि पट्ट्याच्या वरचा भाग खिसा होतो. जेवणाची वाटी, तपकिरीची बाटली त्यात राहते. रात्री हाच झगा पांघरूण! पट्ट्याचे महत्त्व इतके की मंगोल भाषेत स्त्रीला 'बुसगुई' म्हणजे 'बिनपट्ट्याची' म्हणतात.

१२०६ मध्ये चंगीझ खानाने मंगोल टोळ्या एकत्र केल्या. आपल्याकडे 'खान' म्हटले की मुसलमान असे वाटते. पण चंगीझ मुसलमान नव्हता, तो आकाशदेवाला मानणारा होता. त्याच्या घोडेस्वारांबरोबर हा पेहरावही पसरला. १२५३ मध्ये रुब्रुकचा विल्यम हा ख्रिस्ती साधू मंगोलांकडे जायला निघाला. त्याने एक बारकावा टिपला आहे: तुर्क झगा डावीकडे बांधतात, तर मंगोल नेहमी उजवीकडे. म्हणजे बंद पाहून माणूस ओळखता येत होता.

या वैभवाची दुसरी बाजूही सांगायला हवी. १२२० मध्ये समरकंद पडले तेव्हा ३०,००० कारागीर वेगळे काढून खानाच्या मुलानातलगांत वाटले गेले, असे इराणी इतिहासकार जुवैनी लिहितो. हेरातचे विणकर आजच्या शिनजियांगमधील बेशबालिकला नेले गेले. सोन्याच्या तारेचे 'नसीज' नावाचे कापड असे विणकर विणत होते. मार्को पोलोने लिहिले आहे की कुब्लाई खान आपल्या १२,००० सरदारांना प्रत्येकी तेरा झगे देई. सणाच्या दिवशी सारा दरबार एकाच रंगात दिसे. तो थाट उभा होता घरदार सुटलेल्या माणसांच्या हातांवर.

१३६८ मध्ये चीनमधील मंगोल सत्ता गेली. नव्या मिंग घराण्याच्या पहिल्या बादशहाने लगोलग मंगोल पोशाखावर बंदी घातली. पण झाले काय? कमरेला शिवण आणि खाली चुण्या असलेला मंगोलांचा 'तेर्लिग' हा झगा 'तिएली' या नावाने मिंग दरबारातच वापरात राहिला. कोरियाच्या युवराजाशी १२७४ मध्ये कुब्लाईच्या मुलीचे लग्न झाले होते. तिकडे हाच झगा 'चॉलिक' झाला आणि पुढे कित्येक शतके कोरियाचे लष्करी अधिकारी तो घालत राहिले. मंगोल राजस्त्रियांचा हातभर उंचीचा 'बोग्ताग' मुकुट मात्र नाहीसा झाला. दिखाव्याचे गेले, कामाचे राहिले.

हिंदुस्थानातही याच्या खुणा आहेत. देवगिरीला राजधानी आणणारा महंमद तुघलक आपल्याला ठाऊक आहे. त्याच्या दिल्लीतील लोक 'तातारी' झगे घालतात, अशी नोंद अल्-उमरी या अरब लेखकाने केली आहे. पुढे १५२६ मध्ये बाबर आला. तो बापाकडून तैमूरचा आणि आईकडून चंगीझचा वंशज. अकबराच्या काळातील 'आईन-ए-अकबरी'त 'तकौचिया' या हिंदी पद्धतीच्या अंगरख्याची हकिकत आहे: पूर्वी त्याचा घेर चिरलेला असे आणि बंद डावीकडे असत, अकबराने घेर गोल करून बंद उजवीकडे आणवले. अर्थात मोगल जाम्यात इराणी, तुर्की आणि हिंदी शिवणही मिसळलेली आहे. मानाची वस्त्रे देण्याची रीत तर मंगोलांच्याही आधीची. ती फिरत फिरत आपल्यापर्यंत आली, म्हणूनच साताऱ्याच्या छत्रपतींकडून पेशव्यांना पदाची 'वस्त्रे' मिळत.

खुद्द देलही एकतर्फी देणारा राहिला नाही. मंगोलिया चीनच्या मांचू राजांखाली असताना त्यांच्या पोशाखाची छाप देलवर पडली. विसाव्या शतकात कम्युनिस्ट राजवटीत शहरांत सूट-पँट आली. पण १९९० नंतर देल पुन्हा सणासमारंभात मानाने दिसू लागला, आणि माळरानावरच्या गुराख्याच्या अंगावरून तर तो कधी उतरलाच नव्हता. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मंगोलियाच्या खेळाडूंचा देलच्या धर्तीवरचा भरजरी पोशाख जगभर गाजला.

मंडळी, आपण नोकरीनिमित्त परप्रांतात राहणारी माणसे. इथल्या थंडीने, उन्हाने आणि शेजाऱ्यांनी आपला पेहराव थोडा बदलला, त्यात कमीपणा कसला? हुकमाने कपडा घालवता येत नाही आणि टिकवताही येत नाही; अंगाला आणि कामाला सोयीचा असेल तो राहतो.

आणि हो, त्या वहिनींना उत्तर द्यायचे राहिले. मोगल दरबाराच्या चित्रांत मुसलमान सरदारांच्या जाम्याचे बंद साधारणपणे उजवीकडे आणि हिंदू सरदारांचे डावीकडे असतात. तेव्हा यंदा मुलाला मिर्झा करायचे असेल तर उजवीकडे बांधा, राजपूत करायचा असेल तर डावीकडे.

गणपती बाप्पा मोरया!